पाठ न हलवणारा मुलगा : वाचकांचे प्रश्न, कादंबरीकाराची उत्तरे

समकालीन प्रेमकथा लिहिणाऱ्या आमच्या एका लेखिकेला वाचकांनी प्रश्न विचारावेत, असे आवाहन आम्ही गेल्या दोन अंकांत केले होते. पुण्यातल्या एका सहकारी बँकेतली नोकरी सांभाळून त्या गेली चौदा वर्षे कादंबऱ्या लिहीत आहेत. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत घडणारी त्यांची ताजी कादंबरी बहुतेक पत्रलेखकांनी वाचलेली दिसते, त्यामुळे बरेच प्रश्न तिच्याभोवतीच आहेत. पत्रलेखकांची नावे न छापता फक्त गावे दिली आहेत.

अभ्यासिकेतल्या त्या दोघांची गोष्ट तुम्हाला कशी सुचली? ती तुमच्या स्वतःच्या आयुष्यातली आहे का? (सांगली)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते लहान आहे: नाही. माझे लग्न कांदेपोह्यांच्या रीतसर कार्यक्रमातून ठरले. लग्नाआधी मी आणि माझे यजमान एकूण तीनदा भेटलो आणि त्यांपैकी दोन भेटींत दोन्हीकडची मिळून अकरा माणसे त्याच खोलीत बसली होती. या अनुभवावर विनोदी कादंबरी उभी राहील, पण प्रेमकादंबरीला तो पुरला नसता.

आता पहिला प्रश्न. ११ मार्च २०२१ या दिवशी लोकसेवा आयोगाने १४ तारखेला व्हायची राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे ढकलल्याचे जाहीर केले आणि पुण्यात शास्त्री रस्त्यावर, नवी पेठेच्या तोंडाशी, हजारो मुलेमुली उतरली. परीक्षा त्याआधीही पुढे गेलेली होती. कोणी दोन वर्षे, कोणी पाच वर्षे घरून पैसे मागवत कॉट बेसिसवर राहत होते आणि करोनामुळे गावी जाऊन पुन्हा आलेल्यांनी खोल्यांची भाडी दुसऱ्यांदा भरली होती. मी बँकेतून घरी निघाले होते. गर्दीत स्कूटर पुढे जाईना, म्हणून ती बंद करून कडेला उभी राहिले. घोषणा चालल्या होत्या. रस्त्याच्या दुभाजकावर एक मुलगी बसली होती आणि तिच्यापुढे एक मुलगा पाठमोरा उभा होता. त्याच्या पाठीवर वही टेकवून ती काहीतरी घाईघाईने उतरवून घेत होती. तो मूठ उगारून घोषणा देत होता, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, पण खांद्यापासून कमरेपर्यंतचा भाग त्याने एखाद्या फळ्यासारखा स्थिर ठेवला होता, कारण पाठ हलली असती तर तिचे अक्षर बिघडले असते. ती दोघे प्रेमात होती की नुसती एका खोलीतल्या मैत्रिणीच्या ओळखीची होती, हे मला माहीत नाही आणि ते विचारण्याची माझी हिंमतही नव्हती. परीक्षा नंतर २१ मार्चला झाली. ती दोघे मला पुन्हा दिसली नाहीत. मात्र ती पाठ पुढची अडीच वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होती.

वाचक ज्याला प्रेरणा म्हणतात ती माझ्या बाबतीत एवढीच असते. पूर्ण कथानक मला कधीच सुचत नाही. कोणीतरी कोणासाठी केलेली एखादी लहानशी सोय मला दिसते आणि ती करणाऱ्याला आपण काही करतो आहोत याचे भान नसते. त्यानंतरचे काम कारकुनीचे आहे. मी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत दोन महिन्यांचे पैसे भरून टेबल घेतले. मालकांना खरे कारण सांगितले होते. पण शेजारच्या मुलीने चौथ्या दिवशी 'काकू, तुमची कोणती एक्झाम?' असे विचारले, तेव्हा मला क्षणभर विभागीय पदोन्नतीची परीक्षा सांगण्याचा मोह झाला. तिथे मला कळले की खुर्चीवर टॉवेल आणि टेबलावर पाण्याची बाटली एवढ्यानेही जागा धरलेली असते. मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री सुट्टी, त्यामुळे रविवारी रात्री कोण कोणाबरोबर जेवायला बाहेर पडते यावरून पुष्कळ गोष्टी समजतात. आणि मुख्य म्हणजे आत बोलायला मनाई असल्यामुळे सगळे बोलणे पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्यांवर चालते. कादंबरीतली निम्मी संभाषणे चिठ्ठ्यांवर आहेत, याचे काही समीक्षकांनी प्रयोगशीलता म्हणून कौतुक केले. ती प्रयोगशीलता अभ्यासिकेच्या भिंतीवर 'शांतता राखा' अशा शब्दांत लावलेली होती.

निकालाचे प्रकरण वाचताना मला रडू आवरेना. ते लिहिताना तुम्हीही रडला असाल ना? (जळगाव)

आपले पत्र वाचून संकोच वाटला, कारण खरे उत्तर जरा रुक्ष आहे. पहिला खर्डा लिहिताना मी रडले होते आणि तो खर्डा वाईट होता.

त्या प्रकरणात तिचे नाव अंतिम यादीत येते आणि त्याचे येत नाही. पहिल्या खर्ड्यात तो तीन पाने रडत होता, ती एक पान रडत होती, आणि पाऊसही पडत होता. आठ दिवसांनी वाचताना मला जाणवले की त्या पानांवर दुःख माझे होते, त्याचे नव्हते. त्याला तर त्या क्षणी पुढच्या महिन्याच्या भाड्याची काळजी असणार. मग मी स्वतःला विचारले की त्या दुपारी तो हातांनी काय करील. टेबलासमोर चिकटवलेले अभ्यासाचे वेळापत्रक तो काढू लागतो, चिकटपट्टीबरोबर भिंतीच्या रंगाचा पापुद्रा निघतो, आणि मालक डिपॉझिटमधून पैसे कापतील या भीतीने तो पापुद्रा थुंकी लावून पुन्हा बसवायचा प्रयत्न करतो. ती दारात उभी राहून हे पाहते, अभिनंदन करायला आलेल्यांना वाटेतच थांबवते आणि आत येऊन आपल्या बोटाने तो पापुद्रा दाबून धरते. आपण जिथे रडलात असे लिहिता, ते हेच पान. छापील कादंबरीत आसवांचा उल्लेख दोनदाच आहे. मी मोजले आहेत.

हे मी कोणत्या लेखनकार्यशाळेत शिकले नाही. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती आपल्याच भाषेच्या आजीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि तिच्या सुमारे सातशे गाथांपैकी पुष्कळशा दोन ओळींत एकेक प्रेमप्रसंग उभा करतात. त्यांतली एक माझ्या टेबलावर कायम असते. उन्हातून आलेला एक वाटसरू पाणपोईवर ओंजळीने पाणी पितो आहे. नजर वर आहे, आणि पाणी लवकर संपू नये म्हणून त्याने बोटे जरा विलग ठेवली आहेत, ओंजळीतून पाणी गळू देत आहे. पाणी वाढणारी मुलगीही मुळात बारीक असलेली धार आणखी बारीक करत जाते. गाथा तिथेच संपते. कोणी कोणाचे नाव विचारत नाही, कोणाच्या काळजात काही होत नाही, फक्त बोटे आणि धार. त्या बोटांपुढे माझी तीन पानांची रडारड किती बटबटीत होती, हे त्या आठवड्यात मला नीट कळले.

तेव्हा लिहिताना डोळे भरून आले तर मी उठते, चहा टाकते आणि त्या दिवशी ते पान पक्के करत नाही.

मी रोज डोंबिवलीहून लोकलने फोर्टला जाते. घर, नोकरी आणि प्रवास यांतून लिहायला वेळ कसा काढायचा? तुमची रोजची शिस्त काय आहे? (डोंबिवली)

मी पहाटे पावणेपाचला उठते आणि पावणेसातपर्यंत लिहिते. सातला पाणी येते, त्यानंतर माझा दिवस माझा राहत नाही. या दोन तासांत पाचशे शब्द झाले तर बरे, तीनशे झाले तरी चालतात, शून्य झाले तर मात्र मी आदल्या दिवशीचे पान सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढते. हाताला कामाची सवय राहावी एवढाच त्यामागचा हेतू असतो. सगळे हाताने, दोनशे पानी रेघी वहीत, उजव्या पानावरच लिहिते. डावे पान दुसऱ्या दिवशी स्वतःशी भांडण्यासाठी मोकळे सोडलेले असते. एका कादंबरीला साधारण अकरा वह्या लागतात. देवनागरी टंकन रविवारी, आणि टंकन करतानाच दुसरा खर्डा होतो, कारण टंकायचा कंटाळा येतो ते वाक्य बहुधा अनावश्यक असते.

नोकरीमुळे लेखन होत नाही, असे मी कधी म्हणत नाही, आणि त्याला एका इंग्रज टपाल अधिकाऱ्याची लाज कारणीभूत आहे. अँथनी ट्रॉलप हा एकोणिसाव्या शतकातला कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे, घड्याळ समोर ठेवी आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द असा स्वतःकडून हिशेब घेई. त्याला पहाटे कॉफी देऊन उठवणाऱ्या नोकराला तो त्यासाठी वर्षाला ५ पौंड जास्त देत असे. हे सगळे त्याने १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आणि त्यामुळे त्याच्या कीर्तीला काही काळ उतरती कळा लागली, कारण घड्याळ लावून लिहिणारा माणूस कलावंत असतो यावर रसिकांचा विश्वास बसत नाही. मला मात्र तो माझ्या शाखेतल्या रोखपालासारखा जवळचा वाटतो. पंधरा मिनिटांत अडीचशे शब्दांची त्याची गती मला कधी जमली नाही आणि मला उठवायला कोणी नोकर नाही, गजर आहे.

आपल्यासाठी पहाटेचा सल्ला निरुपयोगी आहे, हे मी जाणते, कारण पहाटे आपण डबे भरत असणार. पण आपण स्वतःच पत्राच्या शेवटी लिहिले आहे की ठाण्यानंतर आपल्याला चौथी सीट मिळते. अर्धी मांडी बाहेर, एक पाय मार्गिकेत, अशा त्या जागेवर वही उघडता येणार नाही, मान्य. पण कान उघडे ठेवता येतात. माझ्या पर्सच्या पुढच्या कप्प्यात एक लहान वही असते आणि तिच्यात फक्त ऐकलेली वाक्ये असतात. बसमध्ये ऐकलेले एक वाक्य असे: 'तो काही बोलत नाही गं, पण माझी गाडी रात्री स्टँडवरून फिरवून तोंड रस्त्याकडे करून ठेवतो.' या एका वाक्यातून माझी तिसरी कादंबरी निघाली. रोज एक वाक्य, एवढेच आपण सहा महिने करून पाहावे. बोलणाऱ्याचे नाव, गाव, इमारत काहीही लिहायचे नाही, फक्त वाक्य. ते पथ्य मी कसोशीने पाळते, कारण वाक्य उचलण्याइतपतच परवानगी मला समाजाने दिली आहे, असे मी मानते.

कादंबरीतली आमच्या कोल्हापूरची नायिका 'मी येतो, मी जातो' म्हणते, हे वाचून बरे वाटले. पण संपूर्ण पुस्तकात ती दोघे एकदाही 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असे म्हणत नाहीत, हे मुद्दाम केले आहे का? (कोल्हापूर)

आपण दोन्ही गोष्टी एकाच पत्रात विचारल्या याचा फार आनंद झाला, कारण माझ्या दृष्टीने तो एकच प्रश्न आहे.

आधी 'मी येतो'विषयी. कोल्हापूरच्या मुली स्वतःविषयी बोलताना सर्रास पुल्लिंगी रूप वापरतात, हे आपल्याला सांगायला नको. पण मुद्रितशोधनात ती सगळी रूपे 'मी येते, मी जाते' अशी शुद्ध होऊन आली होती आणि मला ती सदतीस ठिकाणी पुन्हा अशुद्ध करावी लागली. हा हट्ट केवळ बोलीच्या प्रेमापोटी नव्हता, त्यावर कथानकाचा एक पूर्ण धागा लोंबत होता. अभ्यासिकेतल्या फळ्यावर नायिकेसाठी निनावी चिठ्ठ्या येतात आणि त्या मुलाने लिहिल्या की मुलीने, हे तिला कळता कामा नये. इथे मराठी भाषा लेखकाचे हात बांधते. 'मी आलो' किंवा 'मी आले' म्हटले की लिहिणाऱ्याचे लिंग उघडे पडते, वर्तमानकाळात 'मी बघतो, मी बघते' असेच होते. सुटकेच्या वाटा दोनच: भविष्यकाळ, कारण 'मी उद्या येईन' कोणीही म्हणू शकते, आणि सकर्मक भूतकाळ, कारण 'मी वही ठेवली' यात क्रियापद वहीच्या मागे जाते आणि मी सुरक्षित राहतो. चिठ्ठ्यांचे ते प्रकरण मी तीन आठवडे या दोन वाटांवरून चालत लिहिले. पाचव्या चिठ्ठीत 'काल चहाला गेलो होतो' असे निसटते आणि वाचकाला वाटते की आता कळले. पण नायिका कोल्हापूरची, तिच्या वसतिगृहातल्या सगळ्या मैत्रिणी 'गेलो होतो' म्हणणाऱ्या, त्यामुळे तिला अजूनही काही कळत नाही. शुद्धलेखनाने हा सगळा डाव उधळला असता.

आता प्रेमाच्या वाक्याविषयी. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य मी प्रत्यक्षात कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. नाटकात ऐकले आहे, चित्रपटात ऐकले आहे, आणि आजची मुले हीच भावना इंग्रजीत तीन शब्दांत सांगून मोकळी होतात. मराठीत माणसे 'पोचलास की फोन कर' म्हणतात, 'जेवलीस का' म्हणतात, 'एवढ्या उन्हाचं कशाला यायचं' असे रागावतात. ही टंचाई नव्हे, उलट कादंबरीकाराला याहून मोठी देणगी नाही, कारण वाक्याचा अर्थ वाक्याच्या बाहेर राहतो आणि वाचकाला तो उचलायला वाकावे लागते.

शिवाय आपल्याजवळ सर्वनामे आहेत. 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्याचा क्षण मी प्रत्येक कादंबरीत आधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहिते. आणि त्याहून नाजूक जागा म्हणजे 'आपण'. ऐकणाऱ्याला वगळायचे तर 'आम्ही', सामावून घ्यायचे तर 'आपण', हा भेद आपण बोलताना विचार न करता पाळतो. या कादंबरीत तो एकशे चाळिसाव्या पानापर्यंत 'मी पुढच्या वर्षी पुन्हा बसणार' असेच बोलतो. मग एका रात्री टपरीवर, चहाचे पैसे देता देता, म्हणतो: 'पुढच्या वर्षी आपण पावसाळ्याआधी खोली बदलू.' ती सुट्टे पैसे मोजत असते, मोजणे चुकते, ती पुन्हा पहिल्यापासून मोजते. माझ्या हिशेबी त्याने प्रेमाची कबुली तिथे दिली आहे. काही वाचकांच्या नजरेतून ते निसटले, ते त्यांना दुसऱ्या वाचनात सापडेल या आशेवर मी आहे.

व्यवसायाने वकील असल्यामुळे लिहितो. आपल्या दुसऱ्या कादंबरीत नायक-नायिका सकाळी घर सोडतात आणि दुपारी विवाह नोंदणी कार्यालयात लग्न करून बाहेर पडतात. कायद्याने हे कसे शक्य आहे? (नागपूर)

शक्य नाही. ती माझी शुद्ध चूक आहे आणि बारा वर्षांत ती दाखवून देणारे आपण सहावे वकील आहात.

विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात ठळक जागी लावली जाते, ३० दिवस हरकतींची वाट पाहावी लागते, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत तीन साक्षीदारांसमोर लग्न झाले नाही तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. माझ्या त्या दोघांना त्याच दिवशी लग्न करायचेच होते, तर मी त्यांना आळंदीला न्यायला हवे होते. तिथे विधिपूर्वक लग्न लागते आणि नोंदणी त्यानंतर होते. घर सोडून आलेल्या कितीतरी जोडप्यांनी तेच केले आहे.

चुकीपेक्षा मला दुःख वेगळ्याच गोष्टीचे होते. तीस दिवस! नाव, वय, पत्ता लिहिलेला कागद सरकारी भिंतीवर लटकतो आहे, कोणीही ओळखीचा माणूस दाखल्यासाठी त्या कार्यालयात येऊन तो वाचू शकतो, आणि दोघांनी रोज कामावर जाऊन चेहरा नेहमीसारखा ठेवायचा. एवढी थरारक तरतूद संसदेने फुकट देऊ केली होती आणि मी अज्ञानापायी ती एका दुपारीत गुंडाळली. तेव्हापासून कुठल्याही कार्यालयातले दृश्य लिहिण्याआधी मी त्या कार्यालयात जाऊन, बाकावर बसून, भिंतीवरचे सगळे कागद वाचून येते. नव्या आवृत्तीत ते प्रकरण बदलले आहे. नायिका त्या महिन्यात दोन किलोने उतरते आणि आईला वाटते की ऑफिसात काम वाढले.

मलाही प्रेमकादंबरी लिहायची आहे, पण आमच्या महाविद्यालयातले जाणकार म्हणतात की हा हलका प्रकार आहे, सामाजिक विषयावर लिहावे. मी काय करावे? (परभणी)

हे भांडण आपल्या जाणकारांपेक्षा बरेच जुने आहे. ना. सी. फडके कलेसाठी कला म्हणत, वि. स. खांडेकर जीवनासाठी कला म्हणत, आणि मराठी साहित्य संमेलनाने १९४० मध्ये रत्नागिरीला फडक्यांना आणि १९४१ मध्ये सोलापूरला खांडेकरांना अध्यक्ष करून दोघांचाही मान राखला. गंमत अशी की दोघांच्याही कादंबऱ्या लोकांनी प्रेमकथा म्हणूनच घरोघरी वाचल्या. फडक्यांनी १९३१ च्या 'प्रतिभासाधन' या पुस्तकात लेखनाच्या तंत्राचा विचार केला, त्यालाही कारागिरी म्हणून नाके मुरडली गेली. त्यांच्या नायकनायिकांना पैशाची चिंता क्वचितच पडते, ही माझी त्यांच्याविषयीची तक्रार आहे. पण लेखन हे शिकण्यासारखे काम आहे, हे बजावून सांगितल्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

हलके आणि भारी हे विषयावर ठरत नाही, असे मी सांगितले तर ते आपल्या जाणकारांना पटणार नाही, म्हणून एक प्रयोग सुचवते. तालुक्याच्या वाचनालयात जा आणि कादंबऱ्यांच्या कपाटातल्या पुस्तकांची शेवटची पाने उघडून तारखांची चिठ्ठी पाहा. कुठल्या पुस्तकांची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी चिकटवलेली आहे, कुठल्यांचे पुठ्ठे तीनदा बांधलेले आहेत, ते आपल्याला दिसेल. मग त्यांतली दहा पुस्तके घरी आणून वाचा. सहा खरोखरच हलकी निघतील, हेही सांगून ठेवते. त्यांत नायिकेला नोकरी असते पण पगार नसतो, नायकाला आई असते पण गाव नसते, आणि जात तर कोणालाच नसते. परभणीच्या दोन मुलांच्या प्रेमात त्यांची जात, आडनाव, शेतीची वाटणी, बहिणीचे अडलेले लग्न आणि पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीचे भाडे हे सगळे खरे खरे येऊ द्या. सामाजिक विषय वेगळा शोधायला आपल्याला कुठे जावे लागणार नाही.

दूर राहणाऱ्या, फोनवरच भेटणाऱ्या जोडप्यांवर आपण का लिहीत नाही? आमच्या इथे मराठी घरांतून अशा कितीतरी गोष्टी आहेत. (न्यू जर्सी)

लिहिते आहे, सातवी वही चालू आहे. त्या दोघांचे बोलणे तिकडच्या रात्री साडेदहाला, म्हणजे इकडच्या सकाळी आठला ठरलेले असते. नोव्हेंबरात आपल्याकडची घड्याळे एक तास मागे जातात, अंतर साडेनऊ तासांचे साडेदहा होते, आणि इकडच्या नऊ वाजता ती कामावर निघालेली असते. एका तासाने त्या दोघांचे काय होते, हे मी सध्या शोधते आहे. आपल्याकडे घड्याळे बदलण्याच्या आठवड्यात घरात नेमके काय बोलणे होते, ते सविस्तर कळवलेत तर उपकार होतील.

लिहिताना गाणी ऐकता का? कोणते पेन वापरता? (ठाणे)

गाणी नाही, दुसऱ्याचे शब्द कानात असले की माझे वाक्य त्याच ठेक्यावर चालू लागते. पेन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ते निळ्या शाईचे बॉलपेन, दहा रुपयांचे. कादंबरी सुरू करताना मी पाकीट आणते आणि मुलगा त्यांतली निम्मी शाळेत हरवतो.

शेवटच्या पानावर ती नेमणुकीच्या गावी निघते आणि तो बसच्या खाली उभा आहे. त्याचे पुढे काय झाले? इतके दिवस तो माझ्या डोक्यातून जात नाही. (बार्शी)

हा प्रश्न एकट्या बार्शीचा नाही. एकोणीस पत्रांत तो आहे, आणि एका आजोबांनी तर त्याला आपल्या ओळखीने नोकरी लावून देण्याची तयारी कळवली आहे.

पुढचे एक प्रकरण मी लिहिले होते, बावीस पानांचे. त्यात तो गावी परत जातो, चुलत्याच्या बियाणे-खतांच्या दुकानात बसू लागतो, आणि पाचव्या महिन्यात तिच्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा सात-बारा दुरुस्त होत नाही म्हणून त्याच्याबरोबर तिच्या कचेरीत जातो. बाहेरच्या बाकावर तो दोन तास बसतो. शिपाई नाव विचारतो तेव्हा तो शेतकऱ्याचे नाव सांगतो, स्वतःचे सांगत नाही. आतून अर्ज परत येतो, त्यावर तिच्या अक्षरात शेरा असतो, आणि तो ते अक्षर ओळखून अर्जाचा कागद दुमडू नये म्हणून दुकानाच्या कॅलेंडरची सुरळी करून तिच्यात घालतो.

हे प्रकरण मी का काढले, ते सांगते. पुढच्या पानावर ती दार उघडून बाहेर येते की नाही, हे मला ठरवता आले नाही. दोन्ही प्रकारे लिहून पाहिले. ती बाहेर येते तेव्हा ती गोष्ट खोटी वाटायची आणि येत नाही तेव्हा मला तिचा राग यायचा. प्रकाशकांकडे हस्तलिखित द्यायची तारीख आली, तोवर तो बाकावरच बसलेला होता. ती बावीस पाने अकराव्या वहीत आहेत. वही कपाटात आहे आणि मधूनमधून मी ती काढून डाव्या पानावर एखादी ओळ लिहिते. गेल्या रविवारी त्याला शिपायाकडून एक ग्लास पाणी मिळाले.